जंबो, रशियन आणि रिकामी फेरी

आमच्या बांधकाम खात्याच्या कार्यालयात एक ओव्हरसिअर होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात कुणाच्या तरी पोराचं दप्तर होतं, दुसऱ्या हातात वात जळालेला स्टोव्ह आणि काखेत गुंडाळलेला नकाशा. नकाशे गिरवणारी ट्रेसर म्हणून नोकरीचा माझा पहिलाच दिवस. मला वाटलं, स्टोव्ह दुरुस्तीवाले आलेत. मी आपलं सांगून टाकलं, "आमच्याकडं स्टोव्ह नाही हो."

"तुमचा कोन म्हनतंय? शेजारनीचा हाय. वाटंवर दुकान हाय म्हनून घेऊन आलो," ते म्हणाले. "तुमीच का त्या नव्या ट्रेसर बाई? ऱ्हायला कुठं हाव? जाताना काही न्यायचं असंल तर सांगा, मी त्याच बाजूनं जातो."

मी कुठं राहते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी ते त्याच बाजूनं जाणार होते. इथून माझा जो गोंधळ उडाला तो आजतागायत पुरता मिटलेला नाही.

रिकाम्या हातानं जायचं नाही आणि रिकाम्या हातानं यायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. "रिकामी फेरी म्हंजी घरबुडवी फेरी," असं ते दिवसातून दोन-तीनदा म्हणत. चहा प्यायला टपरीवर निघाले तर जाताना टपरीवाल्याच्या उष्ट्या कपबशा घेऊन जात आणि येताना कुणाच्या तरी घराकडची भाजी घेऊन येत. साइटवरून परतताना त्यांच्या जीपमध्ये काय असेल याचा नेम नसे. एकदा बाळंतीण होती, एकदा शेळी, एकदा लग्नाच्या पत्रावळी आणि त्यांच्या जोडीला पत्रावळीवाला. ड्रायव्हर वैतागायचा. ते म्हणायचे, "डिझेल तेवढंच जळतंय ना? मंग?"

मूळचे ते बिलोलीकडचे, तेलंगणाच्या अगदी कडेचे. त्यामुळं बोलण्यात मध्येच तेलुगू डोकावायची. काही पटलं नाही, जमलं नाही किंवा सांगायचं नसलं की "लेदू, लेदू" म्हणत हात झटकायचे. म्हणजे 'नाही'. पण कशाला नाही, ते समोरच्यानं शोधायचं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे काय, हे त्या दिवसांत ज्यांनी नोकरी केली त्यांनाच विचारावं. आमचं कार्यालय एका बंद पडलेल्या डाळमिलमध्ये भरायचं. टेबलाचे खण उघडले की तुरीचा कोंडा निघायचा. निम्म्या फायली अजून जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादेत होत्या, आणि ज्या इथं आल्या होत्या त्यांतल्या निम्म्या तिकडं लागायच्या. लोक अर्ज घेऊन यायचे, आम्ही त्यांना उस्मानाबादला धाडायचो आणि तिकडचे त्यांना इकडं. वर दुष्काळ. नळाला पाणी आलं अशी हाळी उठली की साहेबांसकट अख्खं ऑफिस घागरी आठवायला लागायचं.

अशात एकदा उस्मानाबादहून फायलींनी भरलेला ट्रक आला. फायली उतरवल्या, ट्रक परत निघाला. रिकामा! ओव्हरसिअर साहेबांनी धावत जाऊन ट्रक अडवला आणि ऑफिसातल्या साऱ्या मोडक्या खुर्च्या त्यात भरून दिल्या. तिकडं सुतार चांगला आहे म्हणे. आठ दिवस आम्ही उभ्यानं काम केलं. मग पुन्हा ट्रक आला आणि त्यातून त्याच खुर्च्या उतरल्या, तशाच मोडक्या. तिकडच्याही कुणाला तरी ट्रक रिकामा पाठवायला नको वाटलं होतं! आम्ही कपाळाला हात लावले. हे मात्र खुश. "बगा बाई," मला म्हणाले, "शानं मानूस तितंबी हाय."

पण खरं वेड विमानाचं. तेही साध्या विमानाचं नव्हे, माल वाहणाऱ्या अगडबंब विमानाचं. मागच्या मोठ्या दुष्काळानंतर कधीतरी बोअर मारायची परदेशी मशीन आणायला त्यांना मुंबईच्या विमानतळावर धाडलं होतं. तिथं त्यांनी मालवाहू जंबो पाहिलं. ही कथा ते सांगायचे तेव्हा उभे राहायचे. "त्येचं नाक वर जातंय बाई! अख्खं तोंड उघडतं, पायलट वरच्या मजल्यावर बसलेला. आन आत काय? आपल्या गंजगोलाईच्या बाजारातली सारी दुकानं सरळ रांगंत मांडली तर मावतील." त्या जंबोचं एक रंगीत चित्र त्यांच्या टेबलामागं भिंतीवर होतं. इतरांच्या टेबलामागं देव होते. ते सकाळी आल्यावर चित्रावरची धूळ पुसायचे आणि मग खुर्चीवर बसायचे.

या सुखी संसारात रशियन शिरलं. त्या काळी रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं फार स्वस्त मिळायची. आमचे अकौंटंट ती पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला घ्यायचे. एका अंकात जंबोहूनही दांडगं रशियन मालवाहू विमान निघालं. अकौंटंटनी ते मुद्दाम, मीठ चोळावं तसं, ओव्हरसिअर साहेबांपुढं धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दिवशी ते चहाला आले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडं दोन पक्ष पडले, जंबोवाले आणि रशियनवाले. दोन्हींपैकी एकही विमान आमच्यात ओव्हरसिअर साहेबांशिवाय कुणी बघितलं नव्हतं, आणि त्यांनीही एकच. तरी भांडण असं रंगायचं की टपरीवाला कपबशा आत नेऊन ठेवायचा. अकौंटंट म्हणायचे, "रशियनचं नाकही उघडतं आणि शेपटाकडूनही माल चढतो. अठरा चाकांचं तुमचं जंबो, याला चोवीस. शिवाय पोटात स्वतःची क्रेन. आणि पुढचे पाय मुडपून जमिनीवर टेकतं." ओव्हरसिअर म्हणायचे, "टेकतंय ते कबूल. पन पितं किती! भरल्या पोटी जंबो जेवढं लांब जातं तेवढं ते जातंय का? निम्म्या वाटंवर तेल भराया उतरावं लागतं."

मला काही कळेना. एकदा मी म्हणाले, "साहेब, मला जरा सोपं करून सांगा." त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरले नाही. "जंबो म्हंजी एस.टी. लांब जाती, कमी खर्चात जाती, पन सामान टपावर चढवाया शिडी लागती. रशियन म्हंजी जू खाली टेकवलेली बैलगाडी. कुटंबी उभी करा, आपलं आपन भरा. पन तिला बैल लई लागत्यात." मला बैलगाडीच बरी वाटली. पण तसं म्हटलं असतं तर मी रशियनवाली ठरले असते, म्हणून गप्प बसले.

शिडीचा तो मुद्दा त्यांना स्वतःलाही डाचत असावा. जंबोचं दार चांगलं दोन माणसांच्यावर उंच. तिथं माल चढवायला खास उचलायची मशीन लागते, आणि ती लातुरात कुठून येणार? म्हणून त्यांनी डाळमिलच्या माळ्याला शिडी लावली आणि गंजबाजारातल्या हमालांना बोलावून जुन्या फायलींची पोती वर चढवून बघितली. दुपारभर तमाशा चालला. शेवटी घामाघूम झालेला मुकादम खाली येऊन म्हणाला, "साहेब, एक इचारू का? हवाई जहाज डाळमिलमदी घुसनार हाय का?"

"लेदू," साहेब म्हणाले आणि निघून गेले. त्या फायली मात्र पुढं कित्येक महिने माळ्यावरच राहिल्या. हव्या तेव्हा त्या मिळाल्या नाहीत आणि लोकांना आम्ही सवयीनं उस्मानाबादला पाठवत राहिलो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नव्या जिल्ह्याला धावपट्टी पाहिजे असं वरून ठरलं आणि प्राथमिक आराखडा करायचं काम नेमकं यांच्याकडं आलं. उतरणार होतं ते पुढाऱ्यांचं चार माणसांचं चिमुकलं विमान. यांनी त्यात मालवाहतूक घातली. अर्धापूरची केळी, लातूरची तूरडाळ, जंबोत भरायची आणि थेट आखातात. आमचे मोठे साहेब नवीन होते, उमेदीचे होते आणि शेजारच्या नांदेडला धावपट्टी आहे याचा त्यांना राग होता. त्यांना जंबोचं केळंबिळं काही नको होतं. त्यांनी एकच विचारलं, "जंबोला धरून केली तर नांदेडच्यापेक्षा लांब होते का?"

"हाव साहेब. लई लांब."

"मग जंबोच धरा."

मला तेव्हा ओव्हरसिअर साहेबांनी हेही समजावलं होतं की धावपट्टीची लांबी विमानाच्या आकारापेक्षा त्यातल्या वजनावर ठरते. जितका माल भरला, तितकं विमान जास्त धावतं आणि मग उडतं. त्यांनी जंबो गळ्यापर्यंत भरलेलं धरलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती, येताना काय आणायचं? कधी म्हणत कडबा आणू, पण आखातात कडबा कुठला. कधी म्हणत खजूर. अकौंटंट म्हणायचे, "सगळ्या मराठवाड्यानं वर्षभर खजूर खाल्ले तरी एक जंबो सरायचं नाही." जंबो रिकामं परत येणार ही कल्पना त्यांना झोपू देत नव्हती.

मी नकाशा काढला. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं धावपट्टी ओढली. पट्टीचं पूर्वेचं टोक एका लहान गोल खुणेवरून गेलं. विहीर. नकाशात ती टिंबाएवढीच दिसते.

त्या विहिरीची गोष्ट जागेवर गेल्यावर कळली. मापं तपासायला मलाही नेलं होतं. माळाच्या कडेला बौद्धांची वस्ती होती. धर्मांतरानंतर त्या वस्तीनं स्वतः खणलेली ती विहीर, कारण गावच्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदू देत नव्हते. आमच्या रेणापूरकडच्या वस्तीचीही कथा हीच, त्यामुळं मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या वर्षी गावची विहीर पार आटली होती. वस्तीची मात्र पाझरत होती. आणि आता गावातल्या बाया, ज्यांच्या सासवांनी एकेकाळी घागरी लांब धरल्या होत्या, त्या वस्तीच्या बायांमागं रांगेत उभ्या होत्या. मला ते बघून बरं वाटलं, हे मी लपवत नाही. पण त्याच वेळी आमच्या माणसांनी टाकलेली फक्कीची पांढरी रेघ बायांच्या पायांमधून, घागरींमधून सरकत सरकत विहिरीच्या काठावर चढली. ती रेघ मीच आधी कापडावर ओढली होती.

रांग मोडली. रहाट थांबला. रहाटाशी एक म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या. ही विहीर खणताना त्यांचे मालक त्यात उतरले होते, असं कुणीतरी सांगितलं. त्या पुढं आल्या आणि ओव्हरसिअर साहेबांना म्हणाल्या, "ह्ये काय करून राहिले, साहेब?"

"धावपट्टी हाय मावशी. हवाई जहाज उतरनार हाय."

"कसलं?"

त्यांनी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, उभ्या उभ्या, हात पसरून. नाक कसं वर जातं, पायलट कुठं बसतो, केळी किती मावतात. बाया घागरी खाली ठेवून ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता कुणीतरी दगड मारणार. कुणी मारला नाही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी जाताना केळी न्येनार. आन येताना काय आननार?"

त्यांचे पसरलेले हात खाली आले.

"पानी आननार का?"

"न्हाई मावशी."

"मंग आमची हीर बुजवून रिकामंच येनार का ते?"

त्या बाईला त्यांच्या व्रताची काही कल्पना नव्हती. तिनं आपलं सरळ विचारलं होतं. पण ओव्हरसिअर साहेबांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांची दया आली. ते जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत एका माणसानं हात केला, सोबत पोतं होतं. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली. साहेबांचं लक्षच नव्हतं. त्या दिवशी आमची जीप लातूरला रिकामी आली.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांपुढं उभे राहिले. मी नकाशा घेऊन मागं होते.

"साहेब, जहाज बदललं. जंबो न्हाई, रशियन धरलं. पट्टी आखूड चालती."

मोठे साहेब बघतच राहिले. "अहो, तुम्ही तर जंबो जंबो करून डोकं उठवलं होतं आमचं!"

"चुकलं माझं. रशियन खडबडीत जागंवरबी उतरतंय."

"आणि नांदेडपेक्षा लांब?"

"लांब न्हाई साहेब, मजबूत. चोवीस चाकाचं जहाज पेलनारी पट्टी सगळ्या मराठवाड्यात कुटं हाय, सांगा बरं."

मजबूत हा शब्द मोठ्या साहेबांना आवडला. त्यांनी मान हलवली. मी नवा नकाशा काढला. धावपट्टी विहिरीच्या बरीच अलीकडं संपली, आणि आता रशियन जहाज येणार, विहीर राहील, असा निरोप साहेबांनी वस्तीवर धाडला.

टपरीवर मात्र हलकल्लोळ झाला. अकौंटंटनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला. जंबोवाले शिपाई ओव्हरसिअर साहेबांशी बोलेनात. इतकी वर्षं ज्याची बाजू घेतली ते जंबो या माणसानं एका रात्रीत सोडलं होतं, आणि का, ते सांगत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "लेदू." भिंतीवर जंबोचं चित्र तसंच होतं. सकाळी त्याची धूळही ते पुसायचे, पण आता आमच्याकडं पाठ करून. मी गोंधळून गेले. अकौंटंटच्या मासिकात मी स्वतः ते रशियन विमान पुन्हा पुन्हा बघितलं. जंबोपेक्षा जड, जंबोपेक्षा मोठं. गळ्यापर्यंत भरलं तर त्याला पट्टी आखूड कशी पुरेल? माझा हिशोब काही जमेना, आणि ज्यांचा जमला होता ते बोलेनात.

पुढं पाऊस पडला. धावपट्टी त्या माळावर झालीच नाही, जागा दुसरीकडंच ठरली. आमचा नकाशा बहुधा माळ्यावर गेला असेल. पण जागा ठरायला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत विहिरीला कुणी हात लावला नाही, हे खरं.

ते रिटायर झाले तेव्हा मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले. सामान आधीच ट्रकनं गेलं होतं, अर्थात कुणाच्या तरी सिमेंटच्या पोत्यांसोबत. बिलोलीच्या बसची वाट बघत ते उभे होते, आणि त्यांचे हात रिकामे होते. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनाही कसंतरीच होत असावं. सारखे हात पाठीमागं न्यायचे, पुढं आणायचे.

"साहेब, आता तरी सांगा," मी म्हणाले. "रशियनची पट्टी आखूड कशी आली?"

ते जरा हसले. मग इकडंतिकडं बघून, चोरी कबूल करावी तसं हळू आवाजात म्हणाले, "बाई, जहाज रिकामं धरलं."

"म्हणजे?"

"म्हंजी, येताना रिकामं, जाताना रिकामं. एक केळं धरलं न्हाई त्यात. जंबो तसं धराया मन झालं न्हाई. रशियन आपलं नव्हतं, म्हनून ते धरलं." थोडं थांबून म्हणाले, "जिंदगीत जानूनबुजून एवढी एकच फेरी रिकामी सोडली."

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही येत होतं. एवढ्यात गर्दीतून त्या वस्तीवरच्या मावशी येताना दिसल्या. डोक्यावर पाण्यानं भरलेली कळशी, वर फडकं बांधलेलं. त्यांना हे जाताहेत म्हणून कुणी कळवलं होतं, देव जाणे. म्हणाल्या, "दुसरं काय द्यावं साहेब, आमच्याकडं ह्येच हाय." साहेबांनी कळशी दोन्ही हातांनी घेतली. बस लागली तेव्हा कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. ते म्हणाले, सांडंल. आणि खिडकीशी बसून त्यांनी ती मांडीवर धरली.

बस गेल्यावर मावशींनी मला विचारलं, "बाई, ते रशियाचं जहाज कवा येनार हाय वं?"

आता काय सांगायचं? धावपट्टी दुसरीकडं ठरली, जहाज कधीच येणार नव्हतं, आणि आलं असतं तरी कागदावर ते रिकामंच होतं. मी चाचरत म्हणाले, "मावशी, ते रिकामंच येणार होतं म्हणे."

"मंग येऊ द्या की," मावशी म्हणाल्या. "पन जाताना त्याला रिकामं कामून धाडायचं? आपली हीर हाय ना."